कालची क्लिप

एप्रिल 2003. इराकवर अमेरिकेचा हल्ला होऊन जेमतेम महिना उलटला असेल, अशा दिवसांत कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवरच्या ‘द डेली शो’मध्ये एक वादसभा रंगली. एका बाजूला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश, 2003 सालचे. दुसऱ्या बाजूला टेक्ससचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश, 2000 सालच्या निवडणूक प्रचारातले. मधे सूत्रसंचालक म्हणून जॉन स्टुअर्ट. तो प्रश्न विचारतो. राष्ट्राध्यक्ष इराकच्या उभारणीबद्दल ठामपणे बोलतात. मग गव्हर्नरसाहेब तितक्याच ठामपणे सांगतात की परक्या देशांची उभारणी करणं हे आपल्या सैन्याचं काम नव्हे. दोन्ही क्लिप खऱ्या. बुशच्या तोंडी लेखकांनी एक अक्षरही घातलेलं नाही. स्टुअर्टने फक्त प्रश्न लिहिले आणि क्लिपांचा क्रम लावला.

गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकन टीव्हीवर राजकीय विनोदाचं जे पीक आलं, त्याचं बी या पाचेक मिनिटांत सापडतं असं मला वाटतं. स्टुअर्टच्या नकला बेताच्याच आहेत आणि नुसत्या एकोळी विनोदांच्या जोरावर तो फार मोठा ठरला नसता. त्याची खरी ताकद दुसऱ्याचं बोलणं लक्षात ठेवण्यात आणि ते नेमक्या वेळी समोर ठेवण्यात आहे. त्याच्या कारकिर्दीतले चढ-उतार आणि या कलेची आजची अवस्था या एका गोष्टीच्या अंगाने पाहिली की बराच उलगडा होतो.

स्टुअर्टचा जन्म 1962 चा, मूळ आडनाव लिबोविट्झ, वाढला न्यू जर्सीत. मानसशास्त्राची पदवी घेतल्यावर बारमध्ये दारू ओतण्यापासून सरकारी आरोग्य खात्यासाठी डास निवडण्यापर्यंत त्याने मिळेल ते काम केलं. 1986 मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि ग्रेनिच व्हिलेजमधल्या ‘कॉमेडी सेलर’ नावाच्या तळघरात रात्रीची शेवटची पाळी करू लागला. पहाटे दोनच्या सुमाराला, पेंगुळलेल्या आणि प्यायलेल्या दहा-वीस माणसांसमोर उभं राहायचं. थांबायचं कुठे आणि किती, हे तिथे शिकावंच लागतं, कारण नुसतं वाक्य टाकून तिथे कुणी हसत नाही. पुढे एमटीव्हीवर त्याला स्वतःचा टॉक शो मिळाला, तो 1995 मध्ये बंद पडला. राजकीय भाष्यकार होण्याची चिन्हं तेव्हा फारशी दिसत नव्हती.

‘द डेली शो’ त्याने सुरू केलेला नाही. लिझ विन्स्टेड आणि मॅडलीन स्मिथबर्ग या दोघींनी तो 1996 मध्ये उभा केला आणि पहिली अडीच वर्षं क्रेग किलबॉर्नने तो चालवला. त्या काळात कार्यक्रमाचा बराचसा रोख सिनेतारका आणि गावोगावचे विक्षिप्त लोक यांच्यावर असे. उडत्या तबकड्या पाहिल्याचं सांगणाऱ्या साध्या माणसाकडे वार्ताहर पाठवायचा आणि त्याच्यावर हसायचं. जानेवारी 1999 मध्ये स्टुअर्ट आला. ‘द अनियन’ या विडंबनपत्रातून बेन कार्लिन मुख्य लेखक म्हणून आला. हळूहळू तोफेचं तोंड वळलं: ज्याच्या हातात सत्ता नाही त्याला सोडून द्यायचं, ज्याच्या हातात आहे त्याला धरायचं. 2000 च्या निवडणुकीच्या वार्तांकनाला पीबडी पुरस्कार मिळाला, 2004 च्या वार्तांकनालाही मिळाला.

काम कसं चाले ते पाहण्यासारखं आहे. सकाळी बैठक. आदल्या दिवसभराच्या वृत्तवाहिन्या रेकॉर्ड करून ठेवलेल्या, त्यातून क्लिप निवडायच्या. दुपारपर्यंत संहिता, मग तालीम, संध्याकाळी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण आणि रात्री अकराला प्रक्षेपण. ॲडम चोडिकॉफ नावाचा संशोधक वर्षानुवर्षं हेच करत होता: अमुक सिनेटरने तीन वर्षांपूर्वी याच विषयावर काय म्हटलं होतं, ते हुडकून काढायचं. लेखकांइतकंच श्रेय अशा माणसांना द्यायला हवं. स्टँडअपमध्ये विनोदाची मांडणीही विनोदकाराची आणि फटकाही त्याचाच. इथे मांडणी पुढाऱ्याच्या आजच्या भाषणाची, फटका त्याच्याच जुन्या भाषणाचा. स्टुअर्ट मधे गप्प बसायचा. क्लिप संपली की हातातला कागद खाली, भुवया वर, दोन-तीन सेकंद काहीच नाही. कॉमेडी सेलरमध्ये कमावलेलं थांबणं इथे पुरेपूर कामी आलं.

वार्ताहरांनाही हेच शिकवलं गेलं. आसिफ मांडवी हा जन्माने मुंबईकर. अगदी लहानपणी आईवडिलांबरोबर इंग्लंडला आणि तिथून फ्लोरिडाला गेला. 2006 पासून तो या कार्यक्रमात होता. ऑक्टोबर 2013 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचं करणाऱ्या कायद्यावर त्याने रिपब्लिकन पक्षाच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याची मुलाखत घेतली. मांडवीने आवाज चढवला नाही, त्याला अडवलं नाही. माणूस बोलत गेला, कृष्णवर्णीयांबद्दल बोलत गेला आणि शेवटी मांडवीने काळजीच्या सुरात त्याला एवढंच विचारलं की आपलं बोलणं आम्हाला ऐकू येतंय हे तुम्हाला ठाऊक आहे ना? प्रक्षेपणानंतर त्या पदाधिकाऱ्याला पद सोडावं लागलं. या साऱ्या परंपरेतल्या सर्वोत्तम मुलाखतींत मी हिची गणना करेन.

याच काळातला दुसरा मोठा संसार बिल मारचा. त्याचा ‘पॉलिटिकली इनकरेक्ट’ 1993 चा, म्हणजे ‘डेली शो’च्याही आधीचा. चार पाहुणे बसवायचे आणि वाद घालायचा, असा त्याचा घाट. मार स्वतःचं मत मांडतो, बेधडक मांडतो आणि त्याची किंमतही त्याने मोजली आहे. विमानातून इमारतीवर आदळणाऱ्यांना भित्रे म्हणता येणार नाही, दोन हजार मैलांवरून क्षेपणास्त्रं सोडणारे आपण भित्रे, अशा आशयाचं तो 17 सप्टेंबर 2001 रोजी बोलला. जाहिरातदार पळाले आणि पुढच्या वर्षी एबीसीने कार्यक्रम बंद केला. 2003 पासून एचबीओवर ‘रिअल टाइम’ चालू आहे. माझ्या मते मारचा कार्यक्रम त्याच्या स्वभावावर उभा आहे: त्याची मतं पटतील तेव्हा मजा येते, नाही पटली की उरतं ते फक्त त्याचं स्वतःवरचं प्रेम. स्टुअर्टकडे पुराव्याचा आधार होता, म्हणून त्याचे जुने भाग आजही पाहता येतात.

आता त्याची कमजोर बाजू. ऑक्टोबर 2004 मध्ये स्टुअर्ट सीएनएनच्या ‘क्रॉसफायर’मध्ये गेला आणि टकर कार्लसन व पॉल बेगाला या सूत्रसंचालकांना तोंडावर म्हणाला की तुम्ही जे करता त्याने देशाचं नुकसान होतंय, हे थांबवा. काही महिन्यांत सीएनएनने तो कार्यक्रम गुंडाळला आणि ही घटना दंतकथा झाली. पण त्या दिवशी कार्लसनने विचारलेला प्रश्न रास्त होता: डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी तुझ्याकडे आले तेव्हा तू त्यांना इतके मऊ प्रश्न का विचारलेस? स्टुअर्टने उत्तर दिलं की माझ्या आधीच्या कार्यक्रमात बाहुल्या फोनवरून लोकांची थट्टा करतात, माझ्याकडून कसली अपेक्षा करता. ही पळवाट होती. त्याच वर्षीच्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत तिशीच्या आतल्या 21 टक्के लोकांनी निवडणुकीची माहिती आपल्याला विनोदी कार्यक्रमांतून नियमित मिळते असं सांगितलं होतं. इतके लोक तुमच्याकडून देश समजून घेत असताना ‘मी तर नुसता विनोदकार’ हे म्हणणं चालत नाही.

मुलाखतींमध्ये ही उणीव ठळक होई. मार्च 2009 मध्ये सीएनबीसीचा शेअरबाजार सल्लागार जिम क्रेमर समोर बसला, तेव्हा स्टुअर्टच्या हातात क्लिपा होत्या. क्रमांक पुकारून तो एकेक मागवत होता आणि हेज फंडवाले बाजार कसा हलवतात हे आपल्याच तोंडून ऐकताना क्रेमरचा चेहरा उतरत गेला. याउलट जानेवारी 2010 मध्ये जॉन यू आला. कैद्यांच्या छळाला कायद्याचं कवच देणारे मसुदे लिहिणारा हा वकील. इथे दाखवायला क्लिप नव्हती, कायद्याचा बारीक कीस होता. यू शांतपणे बोलत राहिला, स्टुअर्टच्या हाती काही लागलं नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते कबूलही केलं. दोन्ही मुलाखती लागोपाठ पाहिल्या तर या कलेची सीमारेषा लख्ख दिसते. छापील कागदाआड केलेल्या गोष्टींना ही कला पुरी पडत नाही.

कार्यक्रमाच्या आतही सारं आलबेल नव्हतं. बराच काळ लेखकांच्या खोलीत गोरे पुरुषच प्रामुख्याने होते. वायट सेनाक या कृष्णवर्णीय लेखक-वार्ताहराने स्टुअर्टने केलेल्या एका नकलेला आक्षेप घेतला, तेव्हा स्टुअर्ट त्याच्यावर ओरडला, शिव्या दिल्या, असं सेनाकने 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं. सत्तेला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या खोलीतला प्रश्न सोसला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्टुअर्टच्या तालमीतून पुढे मोठी शाखा फुटली. स्टीफन कोल्बेअरने 2005 पासून नऊ वर्षं उजव्या वाहिनीवरच्या आढ्यतेखोर भाष्यकाराचं सोंग रोज रात्री वठवलं आणि 2006 मध्ये व्हाइट हाऊसच्या वार्ताहरांच्या मेजवानीत, बुश चार हातांवर बसलेले असताना, ते सोंग न सोडता त्यांची सालटी काढली. जॉन ऑलिव्हरने 2014 पासून एकाच विषयावर वीस-वीस मिनिटं बोलण्याचा प्रघात पाडला. आजच्या घडीला अभ्यासाच्या बाबतीत गुरूच्या पुढे गेलेला तो एकटाच. सामंथा बी आणि हसन मिन्हाज यांचेही कार्यक्रम आले आणि थांबले.

स्टुअर्ट ऑगस्ट 2015 मध्ये निवृत्त झाला, डोनाल्ड ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केल्यानंतर दोनच महिन्यांत. त्यानंतर या कलेवर जे संकट आलं, त्यावर फार लिहिलं गेलंय, पण बहुतेकांनी ते ट्रम्प यांच्या विक्षिप्तपणाशी जोडलं. मला ते अधिक खोल वाटतं. आधीचं बोलणं समोर आल्यावर ओशाळणारा माणूस असेल तरच कालच्या क्लिपला अर्थ आहे. तुम्ही परवा उलटं बोलला होतात, यावर एखाद्याने ‘मग?’ म्हटलं की पुढे काय? बहुतेक सूत्रसंचालकांनी मग सोपा रस्ता धरला. पुढाऱ्याचं नाव घ्यायचं, तिरस्काराचं एक वाक्य टाकायचं आणि आधीच पटलेल्या प्रेक्षकांच्या टाळ्या घ्यायच्या. हशा अवचित फुटतो. माणूस स्वतःला आवरू शकत नाही, म्हणून विरोधकही कधी हसतो. टाळी ठरवून वाजवलेली असते. 2017 नंतरचे रात्रीचे कार्यक्रम पाहताना टाळ्यांचं प्रमाण वाढत गेलेलं कानाला स्पष्ट जाणवतं आणि या कलेचं सगळ्यात मोठं नुकसान मी यालाच समजतो.

स्टुअर्ट स्वतः त्या वर्षांत वेगळ्याच कामात होता. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यात राबून आजारी पडलेल्या अग्निशमन जवानांच्या आणि पोलिसांच्या उपचारांचा प्रश्न त्याने डिसेंबर 2010 मध्ये हाती घेतला होता. अख्खा भाग त्यांना दिला. चार आजारी मदतकर्मी टेबलाशी बसले होते आणि सिनेटमध्ये विधेयक कोण अडवतंय ते त्यांना क्लिपांमधून दाखवलं जात होतं. आठवड्याच्या आत विधेयक मंजूर झालं. जून 2019 मध्ये निधी संपत आला, तेव्हा तो काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षीला बसला. शेजारी लुईस अल्वारेझ हा कर्करोगाने खंगलेला पोलीस अधिकारी. समोर बऱ्याचशा खुर्च्या रिकाम्या. स्टुअर्टचा आवाज कापत होता. हे लोक तेव्हा काही सेकंदांत धावले, त्यांनी आपलं काम केलं, तुम्ही अठरा वर्षांनी तरी करा, असं तो म्हणाला. अल्वारेझ त्याच महिन्यात गेला. जुलैअखेर निधीचा कायदा झाला. ‘क्रॉसफायर’मध्ये त्याने झटकलेली जबाबदारी इथे त्याने अंगावर घेतली असं मी मानतो.

ॲपलसाठी केलेला ‘द प्रॉब्लेम’ हा कार्यक्रम दोन पर्वांत आटोपला. चीन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांवरून मतभेद झाल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये तो ‘डेली शो’त परतला, फक्त सोमवारसाठी. पहिल्याच भागात त्याने बायडन आणि ट्रम्प दोघांच्या वयाला हात घातला आणि डेमोक्रॅट समर्थक भडकले: निवडणुकीच्या तोंडावर हे कशाला? जूनच्या वादसभेनंतर बायडन यांना माघार घ्यावी लागली. त्या फेब्रुवारीच्या रात्री स्टुडिओतले लोक जे हसले, ते अवघडून हसले होते. ते अवघडलेलं हसू आज फार दुर्मीळ झालंय आणि ते अजून काढू शकणारा हा माणूस साठी ओलांडून गेलाय.

धोका आता मालकांच्या बाजूनेही आहे. जुलै 2025 मध्ये सीबीएसने कोल्बेअरचा ‘लेट शो’ पुढच्या मे महिन्यात बंद करण्याचं जाहीर केलं. कारण निव्वळ आर्थिक, असं कंपनीने सांगितलं. पण सीबीएसची मालक असलेल्या पॅरामाउंटने त्याच महिन्यात ट्रम्प यांनी लावलेल्या दाव्यात त्यांच्याशी 1.6 कोटी डॉलरची तडजोड केली होती आणि स्कायडान्सबरोबरच्या विलीनीकरणाला सरकारी मंजुरी मिळायची होती. सप्टेंबरमध्ये एबीसीने आपल्या रात्रीच्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक जिमी किमेल याला काही दिवस पडद्यावरून उतरवलं. यूट्यूबवर आणि पॉडकास्टवर कुणीही बोलू शकतो, स्टुअर्टही बोलतो. पण वीस वर्षांची भाषणं साठवणं, त्यातून नेमकं वाक्य शोधणं, ते तपासणं, वकिलाच्या नजरेखालून घालणं याला माणसं लागतात आणि त्यांचे पगार लागतात. तो खर्च आजवर या मोठ्या वाहिन्याच करत आल्या.

कॉमेडी सेंट्रलही त्याच पॅरामाउंटची. कोल्बेअरची बातमी आल्यानंतरच्या सोमवारी स्टुअर्टने तिथूनच आपल्या मालकांना हिशेब सांगितला: तुम्ही ज्या आठ अब्ज डॉलरच्या सौद्यासाठी हे सगळं करताय, त्या आठ अब्जांतला बराच भाग, तुम्हाला आज बंद करायचे आहेत त्याच कार्यक्रमांनी कमावून दिलेला आहे.