रंगावरचा ताबा

रंगीत छायाचित्रांच्या छपाईचा विषय निघाला की रेघ ठरलेल्या जागीच ओढली जाते. अलीकडे रसायनांची डार्करूम, पलीकडे इंकजेट. मला ही रेघच चुकलेली वाटते. डार्करूममधल्या ज्या रंगीत प्रिंटला सर्वांत मोठा मान मिळाला, ती कोडॅकच्या डाय ट्रान्सफर पद्धतीची प्रिंट मुळात इंकजेटची सख्खी पूर्वज आहे. तिच्यासाठी लाल, हिरवा आणि निळा फिल्टर लावून स्लाइडवरून तीन कृष्णधवल निगेटिव्ह काढत. प्रत्येकीवरून जिलेटिनचा उठाव असलेली मॅट्रिक्स फिल्म करत आणि ती सायन, मॅजेंटा, पिवळ्या रंगांत भिजवून एकाच कागदावर, एकावर एक तंतोतंत जुळवून दाबत. त्या कागदावर प्रकाशाचा काही परिणाम होत नसे, रंग त्याच्यावर बाहेरून चढे. त्यामुळे छापणाऱ्याला पिवळ्याला धक्का न लावता एकटा मॅजेंटा गडद करता येई. अमेरिकी छायाचित्रकार विल्यम एगलस्टन यांच्या 1973 च्या छायाचित्रातले लाल छत अंगावर येते, त्यात या मोकळिकीचा वाटा मोठा आहे.

सी-प्रिंटला, म्हणजे रंगीत निगेटिव्हवरून काढलेल्या नेहमीच्या डार्करूम-प्रिंटला, ही मोकळीक नव्हती. रंग कागदाच्या थरांतच घडत, म्हणून एन्लार्जरचा फिल्टर बदलला की सगळ्या चित्राची छटा सरके, आणि कॉन्ट्रास्ट बराचसा कागदच ठरवी. कसलेला माणूस मास्क लावून, एखादा भाग झाकून खूप काही साधे. पण आकाश न बिघडवता चेहऱ्याचा रंग सुधारणे महाकठीण. इंकजेटने तो जुना ताबा परत आणला, आणि कितीतरी अधिक लोकांच्या हाती दिला.

आक्षेप आहेत आणि त्यांतला एक पूर्ण खरा आहे. सी-प्रिंटमध्ये रंग जिलेटिनच्या आत असतो. चकचकीत कागदावर इंकजेटची पिगमेंट शाई वर बसते आणि तिरप्या उजेडात ते कळते. स्लाइडवरून थेट छापण्याच्या सिबाक्रोम पद्धतीची खोल चमक इंकजेटला आलेली नाही. टिकाऊपणाचा आक्षेप मात्र उलटतो. 1970 च्या दशकातल्या सी-प्रिंट बंद अल्बममध्येही तांबूस पडल्या. पिगमेंट शाईच्या दीर्घायुष्याचे आकडे प्रखर उजेडातल्या झटपट चाचण्यांवरून काढलेले असतात, हे लक्षात ठेवूनही पारडे तिच्याच बाजूला झुकते.

उरतो दुर्मिळतेचा मुद्दा. 2012 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात एगलस्टन यांच्या 36 मोठ्या पिगमेंट, म्हणजे इंकजेट, प्रिंट सुमारे 59 लाख डॉलरना गेल्या. त्यांच्या डाय ट्रान्सफर प्रिंट जमवणाऱ्या एका संग्राहकाने, आपल्या प्रिंटचे मोल घटले म्हणून, दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो फेटाळला. संग्राहकाची तक्रार समजण्यासारखी आहे, पण ती बाजारभावाची आहे, रंगाची नाही. मला टोचते ते वेगळेच. कोडॅकच्या उरलेल्या साहित्यातून एगलस्टन यांच्या शेवटच्या डाय ट्रान्सफर प्रिंट गाय स्ट्रायकर्झ आणि आयरीन माली यांनी केल्या, हे जाणकारांना ठाऊक आहे. इंकजेट प्रिंटखालच्या पाटीवर मात्र शाईचा प्रकार असतो, कागदाची जात असते. तो लाल रंग कागदावर नेमका उतरेपर्यंत चाचणी-प्रिंट काढत बसलेल्या माणसाचे नाव सहसा नसते.