फटफटी, बाईक आणि दुचाकीस्वार



आजचा विषय मोटारसायकलच्या जाहिरातींचा आहे, पण सुरुवात आपण वर्तमानपत्रापासून करू. खान्देशातली कुठलीही स्थानिक आवृत्ती उघडा. मोटारसायकलवर बसलेला माणूस तिथे चार नावांनी भेटतो. बाईच्या गळ्यातली पोत ओढून पळाला, तर बातमी येते की 'धूम स्टाईल'ने पोत लांबवली. कॉलेजाबाहेर घिरट्या घालत असला, तर तो 'टवाळखोर'. जॅकेट घालून ग्रुपने तोरणमाळला आला, तर 'रायडर'. आणि ट्रकखाली सापडला, तर 'दुचाकीस्वार ठार'.

गाडी चारही ठिकाणी तीच असू शकते. माणूसही बऱ्याचदा त्याच वयाचा असतो. मग ही चार नावं आली कुठून? 'धूम स्टाईल'चं उत्तर सोपं आहे, २००४ सालचा हिंदी सिनेमा. पण बाकीच्या नावांमागेही एक चित्र आहे, आणि ते रंगवण्यात जाहिरातींचा मोठा हात आहे असं आमचं म्हणणं आहे. जाहिरात फक्त गाडी विकत नाही. गाडीवर कोण शोभून दिसतो आणि कोण नाही, हेही ती लोकांना शिकवते.

थोडं मागे जाऊ. एस्कॉर्ट्स कंपनीच्या राजदूतची जाहिरात धर्मेंद्र करायचे. रांगडा, मजबूत गडी. पण ती ताकद कामाची होती. राजदूत गावोगावी दुधाच्या किटल्या वाहायची, आणि जाहिरातीतला गडी त्या दूधवाल्याला परका वाटत नव्हता. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लूना १९७२ साली आली. पुढे तिची 'चल मेरी लूना' ही मोहीम गाजली. पीयूष पांडे यांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या कामांपैकी ते एक. लूनावर बसणारा माणूस साधा होता, थोडा गमतीचा होता, आणि आपल्यातला होता.

मग १९८९ साली 'हमारा बजाज' आलं. लिंटास या एजन्सीने, अलिक पदमसींच्या काळात, ही जाहिरात केली. त्या वेळी जपानी तंत्राच्या मोटारसायकली बाजारात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. बजाजने उत्तर म्हणून वेग दाखवला नाही, माणसं दाखवली. वेगवेगळ्या धर्मांची, वयांची, घरातली माणसं. त्यातला महत्त्वाचा शब्द 'हमारा' हा होता. स्कूटर कुणा एकाची नव्हती, घराची होती.

आता पुढची तारीख लक्षात ठेवा. २००१. त्याच कंपनीने पल्सर आणली आणि ओगिल्व्हीने तिला घोषवाक्य दिलं, 'डेफिनेटली मेल'. म्हणजे नक्की पुरुषच. बारा वर्षांत एकाच पुणेकर कंपनीच्या जाहिरातीत 'आपली' गाडी 'मर्द' झाली. २००९ साली पल्सरच्याच नावाने एमटीव्हीवर 'स्टंटमेनिया' हा कार्यक्रम आला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी बजाजने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. नंतर इलेक्ट्रिक चेतक आली, पण ती गोष्ट वेगळी.

यात एक भाषेची गंमत आहे बघा. मराठीत गाडी स्त्रीलिंगी, फटफटी स्त्रीलिंगी, बाईक, बुलेट, स्कूटर सगळ्या 'ती'. आपला माणूस म्हणतो, "ती चालू होत नाहीये", "तिला सर्व्हिसिंगला टाकली". त्या 'ती'ला जाहिरातीने पुरुष ठरवलं, आणि खरं तर गाडीला नव्हे, घेणाऱ्याला सांगितलं की तुझ्या पुरुषपणाचा पुरावा बाजारात हप्त्यावर मिळतोय. बायकांसाठी वेगळा कप्पा निघाला. हिरो होंडाच्या प्लेझरची जाहिरात प्रियांका चोप्राने केली आणि विचारलं की मजा काय फक्त मुलांनीच करायची? प्रश्न चांगला होता. पण प्रश्न विचारायचीही स्कूटरच वेगळी, हे त्यातून पक्कं झालं.

कुणी म्हणेल, सगळ्याच जाहिराती अशा नसतात. बरोबर आहे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. तिच्या जाहिरातीचा अर्थ एवढाच की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. पुढे स्प्लेंडर, प्लॅटिना यांनी ही मायलेजची भाषा चालवली. नंदुरबार जिल्ह्यात कुठल्याही बाजाराच्या दिवशी उभ्या असलेल्या गाड्या मोजा, याच गाड्या जास्त दिसतील.

पण घोडं पेंड खातं ते इथेच. मायलेजच्या जाहिरातीतला माणूस गिऱ्हाईक आहे, रायडर नाही. तो हिशेब करतो, बायकोला मागे बसवतो, पेट्रोल वाचलं म्हणून हसतो. गाडी चालवण्यात त्याचं काही कौशल्य आहे, धाडस आहे, असं ती जाहिरात कधी म्हणत नाही. कौशल्य आणि धाडस सगळं दुसऱ्या जाहिरातीतल्या माणसाच्या वाट्याला गेलं. तो एकटा असतो, रस्ता मोकळा असतो, मागच्या सीटवर कुणी नसतं, आणि तो कुठे कामाला चाललेला नसतो. म्हणजे फिरण्यासाठी फिरतो तो रायडर, आणि पोचण्यासाठी चालवतो तो नुसता दुचाकीस्वार.

आता हे चित्र आपल्या जिल्ह्यावर ठेवून बघू. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. सहा तालुके, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत जवळजवळ ६९ टक्के आदिवासी. धडगाव-तळोदा रस्त्यावरचा चांदसैलीचा घाट, अक्कलकुव्याहून मोलगीला चढणारा देवगोईचा घाट. पावसाळ्यात दरड, धुकं, वळणावर समोरून जीप. हा घाट मागे दोन माणसं किंवा धान्याचं पोतं घेऊन रोज चढणारा माणूस कुठल्याही कसोटीवर पट्टीचा चालवणारा आहे. पाड्यापासून रस्त्यापर्यंत बांबूच्या झोळीत आणलेला आजारी माणूस पुढे कित्येकदा मोटारसायकलवरच दोघांच्या मध्ये धरून बसवला जातो. मिरचीच्या पथारीवर कामाला जाणारे, आठवडे बाजाराला कोंबड्या-बकरं नेणारे, पाड्यावरच्या शाळेचे मास्तर, नवऱ्याच्या मागे बसून लसीकरणाला निघालेली आशाताई. हे आमचे रायडर. मोठ्या कंपनीच्या मोठ्या जाहिरातीत यांच्यासारखा माणूस आम्हांला जवळजवळ दिसतच नाही. टीव्हीएसच्या एक्सएलने शेतकरी आणि ओझं दाखवलं, एवढा अपवाद सोडा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जाहिरात स्वप्न विकते हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यात एवढं काय? शिवाय धडगावच्या पोराला पल्सर का आवडू नये? त्याने काय जन्मभर मायलेजच मोजायचं?

आवडावीच. आमचा त्याच्या आवडीवर काडीचा राग नाही. गुजरातेत ऊसतोडीला किंवा बांधकामावर राबून, हप्ते बांधून त्या पोराने चांगली गाडी घेतली तर त्याचं कौतुकच आहे. आमची तक्रार पुढच्या पायरीची आहे. तेच स्वप्न, तीच गाडी, तोच गॉगल पुण्याच्या किंवा सुरतेच्या मुलाच्या अंगावर असला की तो 'पॅशन' होतो. लेख येतो, फोटो येतो. पाड्यावरच्या मुलाच्या अंगावर आला की चौकात कुणीतरी म्हणतं, "पैसा आला की माजतात हे." नाक्यावर आधी त्याचीच गाडी अडवली जाते, आधी त्यालाच विचारलं जातं की गाडी कुणाची. जाहिरातीने स्वप्न सगळ्यांना विकलं, पण ते अंगावर घालायचा मान सगळ्यांना दिला नाही. जाहिरातीतला हिरो ज्या दिसण्याचा आहे, त्या दिसण्याबाहेरचा माणूस त्याच गाडीवर बसला की लोकांना तो संशयित वाटतो. 'टवाळखोर' या शब्दात वागणुकीबरोबर हेही मिसळलेलं असतं. खरोखर त्रास देणाऱ्यांवर कारवाई व्हावीच. पण सायलेन्सर फोडून फटाके वाजवणाऱ्याला जो आवाज हवासा वाटतो, तो त्याला शिकवला कुणी? बुलेट आली की सगळ्यांनी वाट सोडावी, हे जाहिरातीत अभिमानाने सांगितलं जात होतंच ना.

या चित्राची किंमत नुसती मानापमानात मोजून भागत नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. हा मागे बसलेल्यांचा आकडा विसरू नका.

जाहिरातीत हेल्मेट असतं का? असतं. नियम आहेत. भारतीय जाहिरात मानक परिषद ही जाहिरात व्यवसायाने स्वतःवर नजर ठेवायला १९८५ साली काढलेली संस्था. वाहतुकीचे नियम मोडताना दाखवू नका, बेदरकार वेगाला उत्तेजन देऊ नका, कसरती असतील तर सूचना ठळक द्या, असं ती सांगते. म्हणून पडद्याच्या तळाशी ओळ येते की ही दृश्यं तज्ज्ञांनी केली आहेत, अनुकरण करू नका. वरचं चित्र म्हणतं असा हो, खालची ओळ म्हणते होऊ नकोस. यातलं काय लक्षात राहतं हे सांगायला नको.

आणि हेल्मेट असतं ते कसलं? शर्यतीचं, रंगीत, काळ्या काचेचं. हातमोजे, जॅकेट, बूट यांच्या पोशाखातलं एक. त्यामुळे हेल्मेट ही वेगाने जाणाऱ्या रायडरची वस्तू ठरते. आपला माणूस म्हणतो, "मी काय रेस लावतोय? इथेच तर बाजारात जातोय." मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट चालवणाऱ्याला लागतं तसंच मागच्यालाही. पण साडीतली बाई हेल्मेट घालून मागे बसली आहे, हे चित्र तुम्ही किती जाहिरातींत पाहिलं? कलम १२८ प्रमाणे मागे एकालाच बसवता येतं. ट्रिपल सीट धोक्याचीच आहे, आम्ही तिची बाजू घेत नाही. पण जिथे संध्याकाळची एसटी नाही तिथे ट्रिपल सीट मस्तीतून येत नाही, हे दंड करणाऱ्याला आणि बातमी लिहिणाऱ्यालाही माहीत असायला हवं.

जाहिरात हे चित्र बदलू शकते का? शकते, आणि तसं घडलेलंही आहे. अमेरिकेत १९४७ साली हॉलिस्टर गावात मोटारसायकलवाल्यांचा दंगा झाला. त्यावर आधारलेला मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' १९५३ साली आला, आणि मोटारसायकलवाला म्हणजे गुंड हे तिथे पक्कं झालं. १९६३ च्या सुमारास होंडाने आपली छोटी कब गाडी विकताना सांगितलं की होंडावर तुम्हांला छान माणसं भेटतात. चित्रात बाई, म्हातारा, विद्यार्थी, आई-मूल. होंडाने हे समाजसेवा म्हणून केलं नव्हतं, तिला गाड्या खपवायच्या होत्या. पण गाडीवर कोण शोभतो याची यादी त्या मोहिमेने रुंद केली. १९८९ च्या बजाजनेही आपल्याकडे तेच केलं होतं. म्हणजे धंदा आणि माणुसकी यांचं जमतच नाही, असं काही नाही.

आपल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. दत्तजयंतीला भरतो, आता त्याला चेतक फेस्टिव्हल म्हणतात. राणा प्रतापांच्या घोड्याचं तेच नाव बजाजने स्कूटरला दिलं होतं. त्या बाजारात जाणता माणूस घोडा कसा घेतो? दात बघतो, भोवरे बघतो, चालवून बघतो. विकणाऱ्याचा फेटा बघून कुणी पैसे मोजत नाही. जाहिरात बघतानाही तेवढीच नजर ठेवायला हरकत नाही. या चित्रात मागची सीट रिकामी का आहे? रस्त्यावर दुसरं कुणी का नाही? हा निघालाय कुठे? आणि आमच्यापैकी कोण या गाडीवर बसला तर लोक त्याला रायडर म्हणतील?

बातम्या लिहिणारे मित्रही इथे आहेत, त्यांना एक विनंती. 'दुचाकीस्वार ठार' लिहाल तेव्हा पुढे एक ओळ टाका. तो कुठून कुठे, कशासाठी चालला होता. बाजाराला, दवाखान्याला, कामाला. जाहिरातीने जे सांगितलं नाही ते तेवढ्या ओळीत येईल.

आता प्रश्न घेऊ.