आंबेमोहराचा वास: एक की दोन?

भोर-वेल्ह्यात बोलायचं आणि भात वगळून बोलायचं, हे काही जमणार नाही. म्हणून 'दोन ठिकाणी दिसणारा गुण एकच असतो का' हा प्रश्न आज आंबेमोहरावरच लावून बघू.

अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' रंगाचे सात प्रकार सांगतो, चवीचे सहा आणि वासाचे फक्त दोन: सुगंध आणि दुर्गंध. माझा पहिला आक्षेप इथेच आहे. आंबेमोहर, निशिगंध, पहिल्या पावसाची माती, सगळं एकाच खणात टाकलं तर वेगळेपण सांगायला हातात काय उरलं?

आता नावच घ्या. आंब्याच्या मोहरासारखा वास, म्हणून आंबेमोहर. पण 'सारखा' म्हणजे 'तोच' का? रसायनशास्त्र नाही म्हणेल. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन या संयुगाचा. मोहराच्या वासात टर्पीन गटातली संयुगं असतात. नैयायिक मात्र म्हणेल, गंध हा नाकाला कळणारा गुण. मग निवाडाही नाकानेच करावा.

हे पटतं, पण पुरत नाही. फ्रेगेने १८८४ साली 'दिशा' या कल्पनेचं उदाहरण घेतलं: दोन रेषा समांतर असतील तर त्यांची दिशा एकच. हे चालतं, कारण अ ही ब ला आणि ब ही क ला समांतर असेल, तर अ आणि क समांतर असतातच. नाकाचं तसं नाही. शेजारशेजारचे दोन वास एकच वाटतात, रांगेची दोन टोकं मात्र स्पष्ट वेगळी. मग रेघ मारायची कुठे?

उदयनाचार्यांची कसोटीही इथे अडते. घटत्व आणि कलशत्व नेमक्या त्याच वस्तूंवर असतात, म्हणून त्या दोन जाती नव्हेत, असं ते म्हणतात. पण वस्तू कोणत्या, हे आधी ठरलेलं हवं ना? आपलं घोडं तिथेच अडलंय.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. आंबेमोहर उंच वाढतो, लोळतो, उतारा कमी देतो. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी आली. तिलाही वास आहे, पण सौम्य. बाजारात वासाला जवळचा दुसराच तांदूळ आंबेमोहर म्हणून खपतो. दुकानदार म्हणतो, 'वास तोच आहे की!' तो खोटं बोलत असेलच असं नाही. पण शेतकरी नुसता वास पिकवत नाही, वाण पिकवतो, आणि वाणाला वंश असतो. वासावरून वाणाचा अंदाज घ्यावा, वाण ठरवू नये. गुण सारखा निघाला म्हणून द्रव्य एक होत नाही. वैशेषिकांचं एवढं म्हणणं मात्र मी सोडायला तयार नाही.