स्पर्शपडद्याची अचूकता : कोणाच्या बोटासाठी?

हर्णे बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघून झाल्यावर किनाऱ्यावरच एका मावशींकडून मी सुरमई घेतली आणि पैसे फोनवरून पाठवले. ते आले का हे पाहण्यासाठी त्यांनी आपला फोन काढला. बोट एकीकडे टेकवावे तर उघडे भलतेच. कधी काहीच होईना. पदराने हात पुसला, काच पुसली, तरी तेच. शेवटी फोन शेजारच्या मुलीच्या हातात देत त्या म्हणाल्या, "आमचा हात चालत नाय ह्याला, भाऊ." बरोबर असलेल्या शिक्षकमित्रांनी लगेच कारण सांगितले : हात ओला असला की शरीरातली वीज पडद्यापर्यंत पोचत नाही.

ही दोन्ही विधाने तपासून पाहण्यासारखी आहेत. पहिल्यात दोष हाताकडे जातो, दुसऱ्यात विज्ञानच उलटे होते.

आधी दुसरे विधान घेऊ. स्पर्शपडद्याला आपल्या शरीरातली वीज लागत नाही, बोटाची ऊबही लागत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेला स्टीलचा चमचा हातात धरून त्याची पाठ पडद्यावर टेकवा, पडदा तिला बोट समजेल. पडद्याच्या काचेखाली पारदर्शक वाहकाच्या उभ्याआडव्या पट्ट्या असतात. बोट काचेवर आले की पट्टी आणि बोट यांचा मिळून एक कपॅसिटर तयार होतो. त्याची धारिता किती, ते आपण काढू शकतो. स्पर्शाचे क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर, काच 1 मिलिमीटर जाड आणि काचेचा परावैद्युत स्थिरांक 7 धरला, तर उत्तर सुमारे 6 पिकोफॅरड येते. बोटामुळे झालेला असा सूक्ष्म बदल मोजणे, एवढेच पडद्याचे काम असते.

मग खारे पाणी काय करते? पडद्यातला संकेत प्रत्यावर्ती असतो. त्याची वारंवारता 1 लाख हर्ट्झ धरू. या वारंवारतेला 6 पिकोफॅरडचा कपॅसिटर सुमारे अडीच लाख ओहम इतका विरोध करतो. आता काचेवर 0.1 मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर आहे असे समजा. थराचा चौरस तुकडा घेतला, तर एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रोध नळाच्या पाण्यासाठी साधारण 2 लाख ओहम येतो, समुद्राच्या पाण्यासाठी फक्त 2 हजार. म्हणजे नळाचे पाणी संकेताला बऱ्यापैकी अडवते, पण समुद्राचे पाणी त्याला तारेसारखेच वाटते. बोट टेकले की तो सगळा ओला भाग बोटाचाच भाग होतो. मावशींनी पदराने पुसून थर दहापट पातळ केला, तरी रोध झाला 20 हजार ओहम. अडीच लाखांपुढे तोही किरकोळच. म्हणून पुसूनही फरक पडला नाही.

थोडक्यात, स्पर्श पोचत नाही असे नाही. तो नको तितक्या दूर पोचतो.

त्याचा अचूकतेवर काय परिणाम होतो, तेही आकड्यांत पाहू. पट्ट्या एकमेकींपासून 5 मिलिमीटरवर आहेत असे समजा. तरीही बोटाची जागा एका मिलिमीटरपेक्षा बारकाईने सांगता येते, कारण यंत्र भारित सरासरी काढते. समजा, 0, 5 आणि 10 मिलिमीटरवरच्या पट्ट्यांनी 20, 60 आणि 40 असे बदल नोंदवले. बोट 5.8 मिलिमीटरवर आहे असे उत्तर येईल. आता ओल्या थरामुळे 15 मिलिमीटरवरच्या पट्टीनेही 20 नोंदवले, तर सरासरी 7.1 होते. बोट हललेले नाही, पण उत्तर 1.3 मिलिमीटरने सरकले. थर आणखी पसरला, तर तळहात चुकून टेकला असे समजून यंत्र तो स्पर्श सोडूनच देते. 'भलतेच उघडते' आणि 'काहीच होत नाही' या दोन्ही तक्रारींची कारणे अशी सापडतात.

आता पहिले विधान : हात चालत नाही. इथे माझी टीका यंत्रापेक्षा 'अचूकता' या शब्दाच्या वापरावर आहे. प्रयोगशाळेत ही अचूकता बहुधा धातूचे कृत्रिम बोट कोरड्या, स्वच्छ काचेवर टेकवून मोजतात. तुलनेसाठी ते योग्यच आहे. पण त्यातून मिळालेला आकडा त्या बोटाचा आणि त्या काचेचा असतो. या तंत्राचा उगमही कोरड्या खोल्यांतलाच आहे. इंग्लंडमधील मालव्हर्नच्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्ये ही कल्पना मांडली आणि तिचा उपयोग विमानवाहतूक नियंत्रणासाठी सुचवला. पुढे 1970 च्या दशकात सर्नमध्ये बेंट स्टुम्प आणि फ्रँक बेक यांनी त्वरकाच्या नियंत्रणकक्षासाठी स्पर्शपडदा केला. 2007 नंतर हाच पडदा खिशात आला, आणि बंदरावरही.

दुसरे असे की एका आकड्यात तीन वेगळ्या चुका दडतात : जागा चुकणे, झालेला स्पर्श न कळणे आणि न झालेला स्पर्श नोंदवणे. उंबरठ्याचे मूल्य वाढवले की तिसरी चूक कमी होते, पण दुसरी वाढते. अनेक मोजण्यांची सरासरी घेतली तर गोंधळ घटतो, पण प्रतिसाद मंदावतो. रक्कम टाकताना एक शून्य जास्त पडणे आणि एक शून्य न उमटणे, या दोन चुकांची किंमत सारखी नाही.

उपाय नाहीत असे नाही. दोन पट्ट्यांमधली परस्पर धारिता आणि एकेका पट्टीची स्वतःची धारिता, दोन्ही मोजून तुलना करता येते. सुटा थेंब पहिलीत ढवळाढवळ करतो, दुसरीत जवळजवळ दिसत नाही. बोट मात्र दोन्हींत दिसते. काही पडदे या युक्तीने थेंब ओळखतात. पण थेंब बोटाला चिकटला, त्यातही खारा असला, की ही युक्ती लंगडी पडते. तिथे मोठी बटणे आणि रक्कम पाठवण्यापूर्वी ती पुन्हा विचारणे हे साधे उपाय जास्त उपयोगी पडतात. 'हात कोरडे ठेवा' ही सूचना मात्र मासळी विकणाऱ्या बाईसाठी उपाय होऊ शकत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये पॉइंटर लोकेशन सुरू केले की स्पर्शाचे निर्देशक पडद्यावर दिसतात. जुना फोन घ्या, चार्जिंगच्या खाचेत पाणी जाऊ देऊ नका. एकाच खुणेवर दहा वेळा कोरडे बोट टेकवा, मग नळाच्या पाण्याने, मिठाच्या पाण्याने आणि खोबरेल तेलाने ओले केलेले. प्रत्येक वेळी काच पुसा. नोंदींची सरासरी काढा, त्यांचा पसारा पाहा आणि न उमटलेले स्पर्श वेगळे मोजा. तेलाचे बोट कसे वागेल, याचा अंदाज मुलांकडून आधी लिहून घ्या.

या तक्त्याच्या वर एक ओळ अवश्य लिहायला लावा : कोणते बोट, कोणती काच, कोणते पाणी. मापनाच्या अटी लिहायची सवय लागली, तर यंत्र चुकले की आपलाच हात चालत नाही असे म्हणण्याची वेळ मुलांवर कमी येईल.