उत्पन्नाचा आकडा आणि रिकामे हात

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि पुढे त्याचे मुख्यालय ओरोसला उभे राहिले. सरकारी कागदांत त्या वसाहतीचे नाव सिंधुदुर्गनगरी. आसपासच्या गावांतली माणसे मात्र अजून ‘ओरोसाक जातंय’ असेच म्हणतात. एका जागेला दोन नावे असली म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. परंतु माणसाच्या श्रमाला कागदावर एक नाव आणि घरी दुसरे नाव असेल, तर त्या दोहोंतील अंतर तपासणे भाग आहे. ‘उत्पादन’ आणि ‘बेकारी’ हे अर्थशास्त्रातले दोन शब्द साहित्याच्या वाचकाने शब्द म्हणूनच पारखावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

एकूण देशांतर्गत उत्पादन म्हणजे एका वर्षात देशाच्या हद्दीत निर्माण झालेल्या अंतिम वस्तू व सेवा यांचे मूल्य. या आकड्याची योग्यता नाकारण्याचे कारण नाही. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालाचे दरडोई उत्पन्न वीस रुपये काढले, तेव्हा परकी सत्तेच्या भरभराटीच्या गोष्टींना प्रथमच हिशेबाने उत्तर मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबीस यांच्यासमवेत आपले धनंजयराव गाडगीळ होते. पण हे मोजमाप घडविणारेच त्याविषयी सावध होते. सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ साली अमेरिकेच्या सेनेटपुढे आपला अहवाल ठेवताना बजावले होते की, राष्ट्राच्या उत्पन्नावरून त्याच्या कल्याणाचा अदमास फारसा बांधता येत नाही. आकडा राहिला आणि इशारा मागे पडला.

मालवणच्या किनाऱ्यावरची रापण पाहावी. समुद्रात अर्धवर्तुळ टाकलेले लांबलचक जाळे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचे आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे, अशी ही रीत. अर्थशास्त्री म्हणेल की ओढणाऱ्यांतले काही हात कमी केले तरी मासळी तेवढीच येईल. म्हणजे ही प्रच्छन्न बेकारी. जोन रॉबिन्सन यांनी १९३६ साली या संज्ञेला चलन दिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मंदीत मिळेल ते किरकोळ काम पत्करणारे कामगार होते. पुढे ती आपल्यासारख्या देशांतील शेतीला लागू झाली. संज्ञा खोटी नाही. रापणीचा वाटा पुष्कळदा तुटपुंजा असतो आणि तरुण मुले त्यात रमत नाहीत, हेही खरे. परंतु जे हात हिशेबाला जादा वाटतात, त्यांच्या घरची चूल त्याच वाट्यावर पेटते. उलट पर्ससीनची यांत्रिक नौका थोड्या माणसांनिशी थवाच्या थवा वेढून आणते, आणि उत्पादनाचा आकडा वर जातो. समुद्रातला साठा किती घटला आणि किती वाटे बुडाले, याची वजाबाकी त्या आकड्यात नाही. हा वाद किनाऱ्यावर इतका पेटला की २०१६ साली राज्य सरकारला पर्ससीनवर निर्बंध आणावे लागले.

दुसरी बेकारी हंगामी. एप्रिल-मे महिन्यांत आंब्या-काजूच्या बागांत माणूस मिळत नाही. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. अशा माणसाला कामकरी म्हणावे की बेकार? १९७० साली दांतवाला समितीने सांगितले की आपल्या देशात बेकारी एका आकड्यात सांगता येणार नाही. म्हणून १९७२-७३ च्या पाहणीपासून ती वर्षाच्या, आठवड्याच्या व दिवसाच्या अशा तीन मापांनी मोजली जाऊ लागली. त्यांतील आठवड्याच्या मापात सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही कामावरच धरला जातो. मापाला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. पण त्या एका तासावर घर चालते असा अर्थ कुणी काढू नये.

तिसरी बेकारी सुशिक्षितांची. पदवी घेतलेला मुलगा मुंबईस गेला की जिल्ह्याच्या बेकारीतून एक नाव कमी होते; त्याने तिथे केलेले काम मुंबईच्या उत्पादनात जमा होते. मागे राहिलेले बंद घर आणि पडीक शेत कुठल्याच रकान्यात येत नाही.

आणि घरातली बाई? पाहणीला आलेल्या माणसाने ‘आपण काय करता?’ असे विचारले, तर ती सांगते, ‘काय नाय, घराकच आसंय.’ ती घरच्यापुरते भात लावते ते या पाहणीत काम ठरते. तेच भात घरी सडले, तर ठरत नाही. स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, पाणी भरणे हे तर हिशेबाबाहेरच. म्हणून ती ना कामकरी, ना बेकार. कुणी आपल्या मोलकरणीशी लग्न केले तर राष्ट्राचे उत्पन्न घटते, असे पिगू यांनी १९२० च्या सुमारास दाखविले होते. शंभर वर्षे लोक त्यावर हसले, आणि हिशेब तसाच चालू राहिला.

मग आकडा टाकून द्यावा काय? मुळीच नाही. त्याला एकट्याने बोलू देऊ नये, इतकेच. यासाठी परक्या गुरूकडे जाण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजनेचा राज्यभर विस्तार झाला आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ साली संसदेने त्याच धर्तीचा कायदा देशासाठी केला. त्या योजनेत दोष पुष्कळ निघाले. पण तिच्या मुळाशी असलेला विचार आजही शिकण्यासारखा आहे. बेकार कोण हे तिने व्याख्येवर सोपविले नाही. जो येऊन ‘मला काम द्या’ म्हणेल तो बेकार, असे तिने मानले.

ओरोसच्या बैठकांतून जिल्ह्याच्या वाढीचा दर वाचला जाईल तेव्हा तीन प्रश्न सोबत विचारले जावेत: काम कुणाला मिळाले, वर्षातले किती दिवस मिळाले आणि त्यात घर चालले का. यांची उत्तरे ज्या कागदावर असतील, तो कागद वाचायला रापणकरालाही ओरोसाक जावेसे वाटेल.