मोल नावाचे की रूपाचे?

चित्राची किंमत आणि चित्राचे मोल या दोन गोष्टी एक नव्हेत, हे सांगण्यास फारशा विद्वत्तेची आवश्यकता नाही. परंतु या दोहोंतील अंतर किती वाढू शकते हे पाहावयाचे असेल, तर युरोपातील जुन्या चित्राचार्यांच्या कृतींच्या बाजाराकडे दृष्टी वळवावी. साधारणतः इ. स. १८०० पूर्वीच्या या नामवंत चित्रकारांना तिकडे ‘ओल्ड मास्टर्स’ म्हणतात. त्यांची चित्रे लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत आजही विक्रीस येतात. आणि त्यांपैकी कित्येक मुळात चर्चच्या वेदीसाठी किंवा घरातील प्रार्थनेसाठी रंगविलेली असतात. जे उपासनेसाठी घडले, ते असे बोलीवर चढते. देवळाच्या छायेत वाढलेल्या वाचकांना हा विषय परका वाटू नये.

या बाजारातील सर्वांत गाजलेला प्रसंग १५ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे घडला. ख्रिस्टीज या पेढीने लिओनार्दो द व्हिंची याची कृती म्हणून मांडलेले ‘साल्वातोर मुंदी’, अर्थात ‘जगत्त्राता’, हे चित्र पेढीच्या आकारासह ४५ कोटी ३ लाख डॉलरांना विकले गेले. लिलावात एवढी किंमत तत्पूर्वी कोणत्याही चित्राला आली नव्हती. हेच चित्र १९५८ साली लंडनच्या लिलावात अवघ्या ४५ पौंडांस गेले होते. २००५ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे त्याला १,१७५ डॉलर आले. मधल्या काळात त्याच्यावरील जुने रंगलेप उतरले, हे खरे; पण किंमत फुगली ती त्यामुळे नव्हे. पूर्वी ते लिओनार्दोच्या शिष्यवर्गाच्या नावावर होते, आता ते प्रत्यक्ष गुरूच्या नावावर आले, हे खरे कारण.

नावाचा हा महिमा समजण्यासाठी लिलावाच्या सूचिपत्रांची भाषा वाचावी लागते. नुसते चित्रकाराचे नाव छापले असेल, तर चित्र त्याच्याच हातचे, असे पेढीचे मत. ‘अमुकाचे मानलेले’ म्हटले, की थोडा संशय आला. ‘अमुकाच्या चित्रशाळेतील’ म्हणजे त्याच्या देखरेखीखाली शिष्यांनी केलेले. पुढे ‘वर्तुळातील’, मग ‘अनुयायाचे’, त्यानंतर ‘धाटणीचे’ म्हणजे बरेच पुढच्या काळातले, आणि शेवटी ‘अमुकावरून’, म्हणजे केवळ नक्कल. या एकेका पायरीला किंमत कोसळते. वस्तुतः त्या काळच्या इटालियन चित्रशाळेत गुरू आणि शिष्य एकाच फळीवर काम करीत. मुख आणि हात गुरूने रेखावे, वस्त्र व पार्श्वभूमी शिष्यांनी भरावी, ही रीत होती. आपल्याकडे घराण्यातील गायकाच्या तानेत गुरूची तान कोठे संपते आणि शिष्याची कोठे सुरू होते, याचा हिशेब कोणी मागत नाही. बाजार मात्र तो मागतो, कारण त्याला एकच मालक, एकच कर्ता आणि एकच आकडा हवा असतो.

आता चित्राकडे वळू. अक्रोडाच्या लाकडाची ही फळी सुमारे ६५ सेंटिमीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर रुंद आहे. काळोख्या पार्श्वभूमीवर येशू समोरासमोर, स्थिर उभा आहे. उजवा हात आशीर्वादासाठी उंचावलेला. डाव्या हातात विश्वाचे प्रतीक असा स्फटिकाचा गोल. ही समोरासमोरची, निश्चल ठेवण हेतुपूर्वक योजलेली आहे. भक्ताने पाहावे आणि प्रतिमेनेही भक्ताकडे पाहावे, अशी ती रचना आहे. उंचावलेला हात पाहून आपणांस अभयमुद्रेचे स्मरण झाले, तर ते अस्थानी ठरू नये.

छापील प्रतिकृतींवरून दिसते तेवढ्यावर बोलायचे, तर या चित्राचे प्राण त्या उजव्या हातात आहेत. बोटांचे पेर, नखे, तळव्यावरील मंद उजेड, सारे जिवंत आहे. सफाईच्या वेळी अंगठ्याची आधी एक जागा रेखून मग ती बदलल्याचे उघड झाले. नक्कल करणारा सहसा असा विचार बदलीत नाही. म्हणून तज्ज्ञांनी या दुहेरी अंगठ्याला फार महत्त्व दिले. खांद्यावरून खाली आलेले कुरळे केस आणि पट्ट्यांवरील गुंतागुंतीची नक्षी हीही उत्तम आहे. मुखाचे तसे म्हणता येत नाही. फळी पूर्वी तडकलेली, रंग घासले गेलेले. डायान मोदेस्तिनी यांनी मोठ्या कौशल्याने केलेली डागडुजी मुखावर बरीच पसरलेली आहे. तेथील धूसर गूढता मूळ हाताची किती आणि दुरुस्तीची किती, हे सांगणे कठीण. स्फटिकातून पाहिलेले वस्त्र वेडेवाकडे दिसावयास हवे, ते तसे दिसत नाही, यावरही बराच वाद झाला.

या वादाचा निकाल लागलेला नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २०११ साली हे चित्र लिओनार्दोचे म्हणून प्रदर्शित केले. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०२१ च्या आपल्या सूचिग्रंथात मात्र ते गुरूच्या स्वहस्ते झालेल्या चित्रांत धरले नाही. परंतु आमच्या मते खरी हानी कर्तृत्वाच्या संशयात नाही. अबू धाबीच्या लूव्रमध्ये २०१८ च्या सप्टेंबरात त्याचे अनावरण व्हावयाचे होते. ते लांबणीवर पडले. पॅरिसच्या लूव्रमध्ये २०१९ साली लिओनार्दोचे मोठे प्रदर्शन भरले, तेथेही ते आले नाही. लिलावानंतर ते लोकांसमोर मांडले गेलेले नाही. दर्शनासाठीच घडलेल्या प्रतिमेचे दर्शनच बंद व्हावे, याहून मोठे मूल्यहरण कोणते?

विक्री हाच दोष, असे कोणी समजू नये. राफाएलचे ‘सिस्तीन मॅडोना’ हे इटलीतील पिआचेन्झा येथील मठाच्या वेदीवरचे चित्र. मठवासीयांनी ते १७५४ साली सॅक्सनीच्या इलेक्टरला २५,००० स्कूदींना विकले आणि वेदीवर त्याची नक्कल बसविली. मठ मूळ प्रतिमेला मुकला, हे दुःखच; पण ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहालयात ते आज कोणासही पाहता येते. आपल्या बडोद्याचे उदाहरण तर घरचेच. सयाजीराव महाराजांनी (तिसरे) स्पीलमन या इंग्रज समीक्षकाच्या सल्ल्याने युरोपीय चित्रे विकत घेतली. चित्रशाळेची इमारत १९१४ साली पुरी झाली. महायुद्धामुळे चित्रे अडकल्याने ती १९२१ साली उघडली. ती चित्रेही बाजारातूनच आली; पण महाराजांनी ती प्रजेसाठी भिंतीवर लावली.

तेव्हा कसोटी लावावयाची ती खरेदीनंतरच्या वर्तनाला. आपल्याकडील जुन्या मूर्तींच्या पीठावर शिल्पकाराचे नाव बहुधा नसते. पण दार उघडले की मूर्ती दिसते, आणि त्यातच तिचे सार्थक असते. ‘जगत्त्राता’ लिओनार्दोने रंगविला असो वा त्याच्या शिष्याने, तो उंचावलेला हात पाहण्याजोगा आहे. तो पुन्हा लोकांसमोर येईल, तेव्हाच ४५ कोटी डॉलर मोजणाऱ्याने काही मिळविले असे म्हणता येईल.