जुन्या रायफलींची बलपरीक्षा : दोन ग्रंथांची चिकित्सा

जुन्या लष्करी रायफलींच्या मजबुतीविषयी आज जे गृहीत धरले जाते, त्याचा बराचसा आधार दोन अमेरिकी ग्रंथांत आहे : ज्युलियन हॅचर यांचे ‘हॅचर्स नोटबुक’ (१९४७) आणि पी. ओ. अ‍ॅक्ले यांचे ‘हँडबुक फॉर शूटर्स अँड रीलोडर्स’ (१९६२). बार उडताना मागे येणारा धक्का बोल्ट आणि त्याला धरून ठेवणारा रिसीव्हर यांना पेलावा लागतो. ही जोडी किती दाब सोसते, याचे उत्तर दोन्ही ग्रंथ देतात. परंतु त्यांचे प्रश्न एक नव्हेत, ही बाब वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही.

हॅचर यांच्या विवेचनाचा गाभा म्हणजे १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे प्रकरण. १९१७ मध्ये काही रिसीव्हर काचेसारखे फुटले. विशेष हे की, या रायफली प्रति चौरस इंच ७०,००० पौंड दाबाच्या परीक्षा-काडतुसाला उतरल्या होत्या. नेहमीच्या काडतुसाचा दाब सुमारे ५०,००० पौंड होता. दोष भट्टीत सापडला. घडाईसाठी तापविलेल्या पोलादाचा रंग अनुभवी कारागीर डोळ्यांनी पारखत. पायरोमीटर लावल्यावर असे दिसून आले की, लख्ख उन्हाच्या दिवशी ‘योग्य’ वाटणारे तापमान ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत अधिक असे. उजेडात लाली फिकी भासते, एवढेच त्याचे कारण! असे जळलेले पोलाद कठीण राहते, पण चिवट राहत नाही, आणि पुन्हा पाणी देऊनही ते सुधारत नाही. पुंगळी फाटून वायू मागे सुटला की त्या आघाताने ते तडकते. परीक्षा-काडतुसाची पुंगळी शाबूत राहिल्याने हा आघात चाचणीत घडलाच नाही.

हॅचर यांच्या नोंदीत ६८ फुटलेले रिसीव्हर आहेत. तथापि या यादीत चुकीचे काडतूस, नळीतील अडथळा आणि सदोष पितळ अशी भिन्न कारणे एकत्र आली आहेत. तिच्यावरून धोक्याचे प्रमाण काढणे योग्य नव्हे. ती कारणमीमांसेसाठी वाचावी.

अ‍ॅक्ले यांची रीत धडाडीची होती. ते दारूचा भार वाढवीत नेऊन रायफल निकामी होईपर्यंत बार काढीत. तीत जपानी अरिसाका सर्वांत टिकाऊ ठरली, आणि ‘कचरा’ समजल्या गेलेल्या या शस्त्राची प्रतिष्ठा वाढली. हा पूर्वग्रह मोडला गेला, हे चांगलेच. मात्र मोजक्या नमुन्यांच्या अशा परीक्षेतून आराखड्याची मर्यादा कळते, त्या आराखड्याच्या प्रत्येक प्रतीची नव्हे. १९०३ च्या रायफलीचा आराखडाही दुबळा नव्हता.

स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या रायफलींसाठी ८,००,००० आणि रॉक आयलंडच्या रायफलींसाठी २,८५,५०७ हे क्रमांक सीमारेषा मानले जातात. त्याखालचा रिसीव्हर ठिसूळ असेलच असे नाही. तो कोणत्या उजेडात तापविला गेला, हे क्रमांक सांगत नाही.